जुहू विमानतळ : वाटचाल शतकाकडे

१९२८ साली मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर, जुहूच्या वाळूच्या पट्ट्यामागे पसरलेल्या चिखलवट सपाटीवर विमाने उतरू लागली. भारतात नागरी विमानवाहतुकीसाठी उभा राहिलेला हा पहिला विमानतळ. २०२८ साली त्याला शंभर वर्षे पुरी होतील. त्या निमित्ताने निघणाऱ्या स्मरणिकेसाठी हा इतिहास लिहिण्याचे काम खालापूर तालुक्यातल्या माणसाकडे आले, याचे काहींना नवल वाटेल. मला वाटले नाही.

जुहूची गोष्ट ज्या घराण्याशी जोडलेली आहे, त्याच टाटांनी आमच्या खोपोलीला १९१५ साली वीजघर सुरू केले. लोणावळा, वळवण आणि शिरवटा या तलावांचे पाणी नळांतून घाटाखाली आणून तयार केलेल्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. आम्हा घाटपायथ्याच्या लोकांना मुंबईचा भार उचलण्याची सवय तेव्हापासूनची. घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटा देणारी इंजिने आमच्याच कर्जतला जोडली जातात. गाडीत बसलेल्या प्रवाशाला त्या मागच्या इंजिनाची फारशी आठवण राहत नाही, पण त्याच्यावाचून गाडी खंडाळा गाठत नाही. जुहूचा विमानतळ हे मुंबईच्या हवाई वाहतुकीचे असेच मागचे इंजिन आहे. आधी तो एकटाच होता. मग शेजारी सांताक्रूझ उभे राहिले, मोठे झाले, आणि जुहूने लहान राहून त्या मोठ्याच्या अंगावरचे ओझे हलके करण्याचे काम पत्करले. ते काम तो आजही करतो आहे.

१९२० ते १९३० : भरतीच्या पाण्याशेजारी

१९२७ साली हिंदुस्थान सरकारने नागरी विमानवाहतुकीचे स्वतंत्र खाते सुरू केले. विमान ही केवळ लष्कराची वस्तू राहू नये, साध्या नागरिकालाही ती चालवता यावी, असा विचार तेव्हा जगभर मूळ धरत होता. त्यातूनच कराची, दिल्ली, कलकत्ता आणि मुंबई येथे उड्डाण क्लब निघाले. मुंबईचा ‘बॉम्बे फ्लाइंग क्लब’ १९२८ चा. क्लबला विमाने मिळाली, शिकवणारे मिळाले, आणि त्यांना उतरायला जागा हवी म्हणून जुहूची सपाटी निवडली गेली.

जागा निवडणाऱ्यांचा हिशेब सरळ होता. मुंबई बेटावर मोकळी, सपाट आणि वाऱ्याला तोंड देणारी जमीन उरली नव्हती. जुहूला ती होती. ताडामाडांची रांग, पलीकडे समुद्र, अलीकडे खाजण आणि मधे हा पट्टा. जमशेटजी टाटांनी १८९० च्या दशकात येथे जमीन घेऊन बंगला बांधला होता. वस्ती मोठी नव्हती. कोळीवाडा, वाड्या आणि थोडे बंगले. अडचण एकच होती आणि ती मोठी होती : पाणी. उधाणाच्या भरतीला ही जमीन ओली होई आणि पावसाळ्यात तर तिचे तळेच होई. आठ महिने विमानतळ आणि चार महिने तळे, असे हे ठिकाण.

या धावपट्टीवर विमान चालवायला शिकलेल्यांत जहांगीर रतनजी दादाभाई उर्फ जेआरडी टाटा हे तरुण होते. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. देशात दिल्या गेलेल्या परवान्यांतला तो क्रमांक एकचा. त्याच वर्षी आगाखान यांनी इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामध्ये, कोणत्याही दिशेने, एकट्याने विमान नेणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकासाठी पाचशे पौंडांचे बक्षीस जाहीर केले. पुढच्या वर्षी जेआरडी कराचीहून निघाले, तर कोवळ्या वयाचा अस्पी इंजिनिअर उलट दिशेने, इंग्लंडहून येत होता. इजिप्तमधल्या अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पीचे विमान स्पार्क प्लगसाठी अडकून पडले होते. जेआरडींनी आपल्याजवळचा प्लग त्याला दिला. अस्पी कराचीला आधी पोहोचला आणि बक्षीस त्याला मिळाले. तोच अस्पी पुढे, १९६० मध्ये, भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. ही गोष्ट अनेक ठिकाणी छापली गेली आहे. तरीही ती येथे पुन्हा सांगितली, कारण जुहूच्या हँगरमध्ये अडलेल्याला सुटा भाग देण्याची जी रीत पुढे पिढ्यान् पिढ्या चालली, तिची सुरुवात कोठे शोधायची तर ती येथे सापडते.

१९३० ते १९४० : झावळ्यांची शेड आणि टपालाच्या थैल्या

हे दशक जुहूचे सर्वांत मोठे. त्यावर थोडे रेंगाळणे भाग आहे.

१९२९ पासून इम्पिरियल एअरवेजची विमाने लंडनचे टपाल कराचीपर्यंत आणू लागली होती. तेथून पुढे ते आगगाडीने देशभर जाई. विमानाने वाचवलेले दिवस रुळावर खर्ची पडत. नेव्हिल विन्सेंट हे ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडलेले वैमानिक. त्यांनी टाटांपुढे योजना मांडली : कराचीहून टपाल उचलावे आणि अहमदाबाद, मुंबई, बल्लारी या वाटेने मद्रासला पोहोचवावे. समूहाचे प्रमुख, वयोवृद्ध दोराबजी टाटा यांचे मन वळवण्याचे काम तेथलेच एक वरिष्ठ, जॉन पीटरसन यांनी केले. दोन लाख रुपयांचे भांडवल घालायचे ठरले. सरकारशी बोलणी लांबली, अर्थसाहाय्य मिळाले नाही. अखेर अर्थसाहाय्याची अट सोडून, नेलेल्या टपालाच्या वजनावर मोबदला घ्यायच्या बोलीने एप्रिल १९३२ मध्ये करार झाला.

१५ ऑक्टोबर १९३२. कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून पहाटे साडेसहाच्या सुमारास जेआरडींनी एका इंजिनाचे पुस मॉथ विमान उडवले. आत सुमारे २५ किलो टपाल. विमानात बिनतारी यंत्र नव्हते. खाली दिसणारा किनारा, नदी, रूळ पाहत जायचे. अहमदाबादला बैलगाडीतून पेट्रोलचे डबे आले, विमानात भरले गेले आणि दुपारी पावणेदोनच्या पुढे ते विमान जुहूला टेकले. तेथून थैल्या दुसऱ्या विमानात गेल्या आणि विन्सेंट ते घेऊन बल्लारीमार्गे मद्रासकडे निघाले. बल्लारीला रात्रीचा मुक्काम करून दुसऱ्या दिवशी त्यांनी टपाल मद्रासला उतरवले.

या उड्डाणाची आठवण निघाली की जेआरडींचे आणि विन्सेंटचे नाव घेतले जाते आणि ते योग्यच आहे. पण त्या दुपारी जुहूला विमानाची वाट पाहत उभी असलेली माणसे हीसुद्धा या संस्थेचे संस्थापकच. कंपनीचे कार्यालय म्हणजे झावळ्यांनी शाकारलेली एक शेड. पगारी वैमानिक होमी भरुचा, थोडेसे मेकॅनिक, दोन विमाने. एवढ्यात सारा संसार. त्या काळी विमान सुरू करायचे तर पुढचा पंखा हाताने फिरवावा लागे. पेट्रोलमध्ये पाण्याचा थेंब राहू नये म्हणून ते चामड्यातून गाळून घ्यावे लागे. उतरण्याआधी धावपट्टीवर गुरे आली नाहीत ना, हे कोणीतरी पाहायचे. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी फाटली तर शिवायची. यातले एकही काम चुकले असते तर इतिहासात १५ ऑक्टोबरची नोंद वेगळी झाली असती.

पुढे प्रश्न आला पावसाळ्याचा. जून उजाडला की जुहूची सपाटी पाण्याखाली जाई. तेव्हा सगळी टोळी, दोन विमाने, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक, असा आपला पसारा घेऊन पुण्याला जाई. तेथे येरवड्याच्या तुरुंगाशेजारचे मैदान त्यांना धावपट्टी म्हणून वापरायला मिळाले होते. पाऊस सरला की पुन्हा जुहू.

या एका ओळीच्या हकिकतीपाशी आम्हा खालापूरकरांचा पाय थबकतो. मुंबईहून पुण्याला जायचे तर बोरघाटाची भिंत ओलांडावी लागते. आजही पावसाच्या तोंडाशी खोपोलीवरचा डोंगर दुपारी चारला नाहीसा होतो. ढग कड्याला टेकतात आणि समोरचे वीजघराचे नळ अर्ध्यातून पुढे दिसत नाहीत. बिनतारी यंत्र नसलेले, एका इंजिनाचे, कापडाने मढवलेले विमान घेऊन या कड्यावरून पलीकडे जायचे म्हणजे काय, हे नकाशा पाहून कळणार नाही. घाटाखाली उभे राहून वर पाहिले की कळते. त्या वर्षांत घाटात विजेवरची आगगाडी नुकतीच धावू लागली होती, १९३० मध्ये डेक्कन क्वीन सुरू झाली होती. घाटात गाडी आणि तिच्या डोक्यावर टपालाचे विमान, अशी ही घाटाच्या इतिहासातली जोडी आहे.

सेवेने वेळ पाळली. नागरी विमानवाहतूक खात्याच्या पुढच्या अहवालात या वक्तशीरपणाचे खास कौतुक झाले. पहिल्या पूर्ण वर्षात, १९३३ मध्ये, विमाने मिळून १ लाख ६० हजार मैल उडाली, १५५ प्रवासी गेले आणि सुमारे पावणेअकरा टन टपाल पोहोचले. वर्षअखेर साठ हजार रुपयांचा नफा झाला. १९३५ मध्ये मुंबईहून त्रिवेंद्रमची सेवा निघाली, १९३७ मध्ये दिल्लीची. १९३८ च्या सुमारास ‘टाटा एअरलाइन्स’ हे नाव रूढ झाले. झावळ्यांच्या शेडमध्ये बसून आखलेला हा व्याप केवळ सहा वर्षांत देशाच्या चारी दिशांना पोहोचला.

१९४० ते १९५० : युद्ध आणि थोरला शेजारी

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि जुहूच्या नागरी शांततेत लष्करी पावले वाजू लागली. ब्रिटिश हवाई दलाला मोठ्या विमानांसाठी लांब, पक्की धावपट्टी हवी होती. ती जुहूला होण्यासारखी नव्हती. जवळच, दोन-तीन किलोमीटर पूर्वेला, सांताक्रूझचा लष्करी तळ उभा राहिला. जुहूच्या उभारणीतले एक मोठे नाव या युद्धात गेले. नेव्हिल विन्सेंट १९४२ मध्ये हवाई प्रवासात असताना शत्रूच्या माऱ्यात मृत्युमुखी पडले.

१९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सचे ‘एअर इंडिया’ झाले. ८ जून १९४८ रोजी मुंबई-लंडन सेवा सुरू झाली. चार इंजिनांच्या कॉन्स्टेलेशनसारख्या विमानांना लागणारी लांबी आणि रुंदी आता सांताक्रूझकडे होती. याच सुमारास नियमित प्रवासी वाहतूक तेथे हलली.

एखाद्या संस्थेचे मुख्य काम दुसरीकडे गेले की ती संस्था सहसा मिटते. जुहू मिटले नाही. मतभेद झाले असतील, कोणी येथे राहावे आणि कोणी तिकडे जावे यावरून मने दुखावलीही असतील, पण त्यांतले काहीही कामाच्या आड आले नाही. क्लबची विमाने येथेच राहिली, शिकणारे येथेच राहिले.

१९५० ते १९७० : शिकणाऱ्यांची धावपट्टी

१९५३ मध्ये विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. नव्या देशाला वैमानिक हवे होते, मेकॅनिक हवे होते. जुहूने ते घडवले. मोठ्या विमानतळावर शिकाऊ वैमानिकाला जागा नसते. प्रवाशांनी भरलेले विमान उतरायला येत असताना ‘थांबा, हा मुलगा पहिल्यांदाच एकटा उतरतो आहे’ असे कोणी सांगू शकत नाही. जुहूला ते सांगता येत होते. एका मुलाचे विमान तीनदा टेकून तीनदा उचलले जाई आणि कोणाची गैरसोय होत नसे. सांताक्रूझचा भार जुहूने उचलला म्हणजे काय, याचे हे सर्वांत साधे उदाहरण.

दोन धावपट्ट्या इतक्या शेजारी असण्याचा एक तोटाही होता. आकाशातून, धुक्यातून किंवा उतरत्या उन्हात, वैमानिकाची नजर चुके. १९५३ मध्ये बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीचे कॉमेट जेट चुकून जुहूला उतरले. पुढे २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ हे चार इंजिनांचे जेट सांताक्रूझ समजून जुहूवर टेकले आणि धावपट्टी संपल्यावर पुढे घसरत गेले. जीवितहानी झाली नाही, विमान मात्र पुन्हा उडाले नाही. सुमारे १,१४० मीटरच्या धावपट्टीवर असे जेट आल्यावर त्याकडे धावत जाणाऱ्या अग्निशमन दलाच्या आणि जुहूच्या कर्मचाऱ्यांच्या मनात काय असेल, याची कल्पनाच करावी. प्रवाशांना उतरवून सुरक्षित नेण्याचे काम त्यांनी केले, आणि इतिहास लिहिताना त्यांची नोंद घेतलीच पाहिजे.

१९६२ मध्ये पहिल्या टपाल उड्डाणाला तीस वर्षे झाली म्हणून जेआरडींनी लेपर्ड मॉथ विमानातून कराची-मुंबई हा प्रवास पुन्हा केला.

१९७० ते १९८० : समुद्रातल्या तेलाची हाक

१९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत, समुद्राच्या तळाखाली तेल सापडले. १९७६ मध्ये ‘बॉम्बे हाय’मधून उत्पादन सुरू झाले. समुद्रात उभ्या असलेल्या त्या लोखंडी फलाटांवर अभियंते, कामगार, डॉक्टर, सुटे भाग कसे पोहोचणार? बोटीने जाण्यात वेळ जातो आणि खवळलेल्या समुद्रात फलाटावर चढणे धोक्याचे. उत्तर होते हेलिकॉप्टर. त्याला लांब धावपट्टी लागत नाही. त्याला हवी किनाऱ्यालगतची, समुद्राकडे मोकळे तोंड असलेली जागा. ती जुहूकडे तयारच होती.

जी गोष्ट १९२८ मध्ये गैरसोयीची होती, ती, म्हणजे समुद्राचा शेजार, पन्नास वर्षांनी जुहूच्या उपयोगाला आली. माझ्या मते या संस्थेच्या आयुष्यातले हे सर्वांत महत्त्वाचे वळण. टपालाच्या उड्डाणाइतकेच मोठे. टपालाने जुहूला नाव मिळाले, तेलाने त्याला टिकाऊ काम मिळाले.

१९८० ते १९९० : पन्नास वर्षे आणि पवन हंस

१५ ऑक्टोबर १९८२. पन्नास वर्षे झाली होती. ७८ वर्षांचे जेआरडी पुन्हा एकदा लेपर्ड मॉथमध्ये बसले. कराचीहून अहमदाबाद, तेथून जुहू. हृदयाची तक्रार असलेल्या या वृद्ध माणसाने एकट्याने विमान आणून जुहूला टेकवले तेव्हा धावपट्टीच्या कडेला जमलेली गर्दी बराच वेळ हलली नाही. त्या विमानाची तपासणी करणारे हात जुन्या हँगरमध्ये तयार झालेल्या पिढीचे होते. जेआरडींना १९९२ मध्ये भारतरत्न मिळाले आणि १९९३ मध्ये त्यांचे निधन झाले.

हेलिकॉप्टरसाठी सरकारने स्वतंत्र कंपनी काढली ती नेमकी १५ ऑक्टोबर १९८५ रोजी. ‘हेलिकॉप्टर कॉर्पोरेशन ऑफ इंडिया’ हे पहिले नाव, पुढे ते ‘पवन हंस’ झाले. तेलक्षेत्रावरची वाहतूक हे तिचे पहिले काम आणि जुहू हा तिचा पश्चिमेकडचा मुख्य तळ. फ्रान्समध्ये बनलेली डॉफिन हेलिकॉप्टर येथे आली. त्यांची देखभाल, वैमानिकांची ने-आण, प्रवाशांना जीवरक्षक जाकीट घालून समुद्रावर उतरण्याची तालीम देणे, हे सारे जुहूच्या रोजच्या कामाचा भाग झाले. समुद्रावरून परतलेल्या हेलिकॉप्टरवरचे खारे पाणी धुऊन काढावे लागते, नाहीतर पाती आणि सांधे गंजतात. रोजच्या पहाटेचे आणि संध्याकाळचे हे धुणे जुहूच्या मेकॅनिक मंडळींनी चार दशके चालवले आहे. परेड वा समारंभात त्यांचे दर्शन होत नाही, म्हणून येथे मुद्दाम लिहिले.

१९९० ते २०१० : दाटत गेलेले आकाश

१९९५ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरण स्थापन झाले आणि जुहू त्याच्या ताब्यात आले. देशात खासगी विमान कंपन्या उतरल्या, सांताक्रूझ-सहारच्या विमानतळावर गर्दी वाढत गेली. तेथे दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी विमाने सोडता येत नाहीत. एकाच धावपट्टीवर जगातल्या सर्वाधिक गर्दीच्या विमानतळांपैकी एक चालवायचा, तर प्रत्येक मिनिट मोजावे लागते. एक हेलिकॉप्टर मोठ्या जेटच्या रांगेत घुसवले तर मागच्या सगळ्यांचा खोळंबा. ही हेलिकॉप्टर आणि लहान विमाने जुहूला राहिली, म्हणून मोठ्या विमानतळाला ती मिनिटे मिळाली. २०१८ मध्ये त्या विमानतळाने चोवीस तासांत हजाराहून अधिक उड्डाणे-उतरणे करून दाखवली. त्या आकड्यात जुहूचे नाव नाही, पण वाटा आहे.

२६ जुलै २००५ चा पाऊस मुंबई विसरलेली नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर नोंद झाली. शहर बुडाले. आणि दुसऱ्याच दिवशी बॉम्बे हायच्या उत्तर फलाटावर भीषण आग लागली, त्यात २२ जणांचा जीव गेला. पाण्याखालच्या शहरात बसून, खवळलेल्या समुद्रावर माणसे वाचवण्याची धडपड ज्यांनी केली त्या वैमानिकांना, नौदलाच्या जवानांना आणि तळावरच्या कर्मचाऱ्यांना ही स्मरणिका नमस्कार करते.

याच काळात जुहूभोवतीची वस्ती आभाळाला भिडू लागली. विमानांच्या वाटेखाली येणाऱ्या इमारतींना उंचीची मर्यादा असते. त्यामुळे शेजाऱ्यांच्या पुनर्विकासाचा प्रश्न अवघड झाला. शेजारी आणि विमानतळ या दोघांनीही याबाबत दाखवलेल्या समजुतीचा उल्लेख करायला हवा. धावपट्टी समुद्रात लांबवण्याची कल्पनाही पुढे आली होती, ती कागदावर राहिली.

२०१० ते आज : इर्शाळवाडी, सागरी विमान आणि नवा भाऊ

२०१४ मध्ये जुहूहून लोणावळ्याच्या परिसराकडे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाचा प्रयोग झाला. पुढे पुण्या-शिर्डीकडे हेलिकॉप्टरचे प्रवासी प्रयोगही झाले. ऐंशी वर्षांपूर्वी टपालवाल्यांनी ओलांडलेला बोरघाट पुन्हा जुहूच्या वाटेवर आला. क्लबचे उड्डाण-प्रशिक्षण आता धुळ्याच्या मोकळ्या आकाशातही चालते. जुहूच्या वरच्या आकाशात शिकाऊ विमानाला पूर्वीसारखी फुरसत उरलेली नाही, हे त्याचे कारण.

१३ जानेवारी २०१८ च्या सकाळी जुहूहून बॉम्बे हायकडे निघालेले पवन हंसचे हेलिकॉप्टर समुद्रात कोसळले. तेल कंपनीचे पाच अधिकारी आणि दोन वैमानिक, सात माणसे गेली. जुहूच्या प्रत्येक सकाळी अशी हेलिकॉप्टर निघतात, आणि घरी परतेपर्यंत कोणीतरी घड्याळ पाहत असते.

आमच्या तालुक्यातही अशी एक रात्र आली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ठाकर बांधवांची ही वाडी, रस्ता नाही, चढण उभी, यंत्र वर नेता येत नाही. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले. मदतीसाठी सांताक्रूझला हवाई दलाची दोन हेलिकॉप्टर सज्ज ठेवली होती, पण ढग आणि पाऊस यांनी त्यांना उडू दिले नाही. शेवटी जवान, गिर्यारोहक आणि गावकरी पायी चढले. हवेवर आपला शब्द चालत नाही. पण विमानतळ जवळ असावा, त्यावर उडायला तयार यंत्र असावे, आणि ढग उघडताच ते निघावे, एवढे तरी माणसाच्या हातात आहे. जुहूसारखे छोटे तळ शहराच्या पोटात का राखावेत, या प्रश्नाला माझ्याकडे इर्शाळवाडीपेक्षा वेगळे उत्तर नाही.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी पनवेलजवळ नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. ३,७०० मीटरची धावपट्टी, सुमारे १,१६० हेक्टरचा विस्तार. त्यासाठी उलवे टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला, दहा गावे हलली. शेतकऱ्यांच्या हक्कांसाठी आयुष्य वेचलेले दि. बा. पाटील यांचे नाव त्याला द्यावे, ही रायगडकरांची मागणी साऱ्या महाराष्ट्राने ऐकली. विमानतळाच्या प्रभावक्षेत्रासाठी २०१३ मध्ये ‘नैना’ क्षेत्र अधिसूचित झाले, त्यात पनवेल, उरण, पेणबरोबर आमच्या खालापूर आणि कर्जतची गावेही आली. म्हणजे मुंबईच्या आकाशाचा भार उचलणारा दुसरा मदतनीस आता आमच्या शेजारीच आहे. पहिला, जुहूचा, आकाराने धाकटा असूनही वयाने थोरला.

आजचे जुहू असे आहे : सकाळी उजाडले की हेलिकॉप्टर समुद्राकडे निघतात, दिवसभर राज्याच्या कामाची, तेल कंपनीची, रुग्णांची आणि खासगी प्रवाशांची ये-जा चालते, सूर्यास्ताला धावपट्टी निजते. मोठ्या विमानतळाच्या नियंत्रण कक्षाशी बोलल्याशिवाय येथून काहीच उचलत नाही, कारण त्या मोठ्या धावपट्टीवरून समुद्राकडे झेपावणारी विमाने जुहूच्या बाजूनेच जातात. जून आला की गटारे, नाले आणि पंप तपासले जातात, हँगरमधली यंत्रे उंचावर ठेवली जातात. १९३३ मध्ये पुण्याला पळणाऱ्या मंडळींना हे पाहून बरे वाटले असते.

२७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली, तेव्हा झावळ्यांच्या शेडची आठवण पुष्कळांनी काढली. शेड राहिली नाही. तिचे छप्पर शाकारणाऱ्या, पेट्रोलचे डबे वाहणाऱ्या, पंखा हाताने फिरवणाऱ्या माणसांची मुले-नातवंडे मात्र जुहू कोळीवाड्यात, इर्ल्याला, विलेपार्ल्याला आणि आमच्या घाटाखालच्या गावांतही असतील. ज्यांच्या घरी वडिलांचे हजेरीपुस्तक, हँगरसमोरचा एखादा फोटो, कामावरचा बिल्ला किंवा टपालाची थैली शिवायची सुई उरली असेल, त्यांनी ती संपादक मंडळाकडे पाहायला आणावी. छायाप्रत काढून मूळ वस्तू त्याच दिवशी परत दिली जाईल. २०२८ च्या मुख्य स्मरणिकेत नावांची यादी छापायची आहे, आणि तिची सुरुवात वैमानिकांपासून नव्हे, तर त्या शेडपासून करायचे ठरले आहे.